ओरिजिनलमामा आणि तीस दिवसांची पांढरी गोळी

सकाळचे साडेदहा वाजले होते आणि माझा एकविसावा फोन चालू होता. मी विमा कंपनीच्या मदत कक्षात काम करते. कानाला हेडसेट, समोर स्क्रीन, बाजूला थंड झालेला चहा. औषधांच्या बिलांसाठी लोक फोन करतात आणि आम्ही त्यांना गोड आवाजात 'नाही' म्हणतो. सहा वर्षं मी हेच करते आहे. माझा सगळा गोडवा कंपनी आठ तासांत संपवून टाकते, त्यामुळे घरच्यांच्या वाट्याला जी मी येते ती फारशी गोड नसते. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

"नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?"

"मदत राहू द्या बाजूला. आधी मला हे सांगा, हे पत्र कोणी लिहिलं?"

हा आवाज मी जन्मापासून ओळखते. माझा सख्खा मामा!

आता आमच्याकडे दोन नियम आहेत. एक, प्रत्येक फोन रेकॉर्ड होतो. दोन, नातेवाइकाचं प्रकरण स्वतः हाताळायचं नाही. पण त्या क्षणी मला काही सुचेना. मी आवाज होता त्याहून बारीक केला आणि म्हणाले, "साहेब, आपला पॉलिसी क्रमांक सांगाल का?"

पलीकडून लगेच, "रेडिओ? तू आहेस का?"

लहानपणापासून मी बोलायची थांबत नाही म्हणून मामाने मला रेडिओ हे नाव ठेवलंय.

"साहेब, हा फोन रेकॉर्ड होतो आहे."

"होऊ दे की! नीट रेकॉर्ड कर. मी डुप्लिकेट गोळी खाणार नाही. खा-णा-र ना-ही. आलं का त्यात?"

मागून मामी ओरडली, "अहो, आधी तिला विचारा जेवली का!"

"तुझी मामी विचारतेय, जेवलीस का?"

साडेदहा वाजता! मामाचा आवाज हेडसेटबाहेरही पोचत होता, शेजारच्या टेबलावरच्या दोघी तोंडात रुमाल कोंबून हसत होत्या. मी नियमाचं वाक्य कसंबसं उच्चारलं, फोन त्यांच्यातल्या एकीकडे ढकलला आणि टेबलाखाली वाकून पोट धरून हसले. फोन जिच्याकडे गेला ती मात्र पुढची चाळीस मिनिटं हसली नाही. फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, "तुझ्या मामांनी मला मनगटी घड्याळाचे सगळे भाग पाठ करायला लावले गं."

माझा मामा घड्याळं दुरुस्त करतो. दुकान म्हणजे काय, दोन इमारतींच्या मधल्या फटीत कोणीतरी दार बसवलंय एवढंच. आत एक उंच बाक, बाकावर दिवा, दिव्याखाली मामाचं टक्कल. डाव्या डोळ्याला भिंग लावलेलं असतं, आणि ते काढायला तो इतक्यांदा विसरतो की भिंग लावूनच बँकेत जाऊन आलाय. आमच्या सगळ्या रस्त्यावर त्याला ओरिजिनल म्हणतात. का, तर त्याचं एकच म्हणणं: ज्या घड्याळाला जो भाग त्याच्या कंपनीने बनवला, तोच बसवायचा. मिळत नसेल तर वाट बघायची. दुसरा कुठला बसवला तर ते घड्याळ चालेल, पण ते खोटं बोलेल. गिऱ्हाईक कितीही हातापाया पडो, मामा ढिम्म. एका बाईंचं घड्याळ तो सहा वर्षं घेऊन बसला होता. शेवटी ओरिजिनल चाक आलं तेव्हा बाई परदेशी गेल्या होत्या, तर हा पठ्ठ्या पोस्टाचा खर्च स्वतः करून घड्याळ पाठवून मोकळा झाला.

आणि तरी मी सात वर्षांची असताना याच माणसाने काय केलं ते ऐका. मला कोणीतरी खेळण्यातलं घड्याळ दिलं होतं. प्लॅस्टिकचं, काटे नुसते रंगवलेले. ते चालत नाही म्हणून मी भोकाड पसरलं. मामाने ते नेलं आणि आठ दिवसांनी परत आणलं. आत खरं यंत्र, वर खरे काटे, आणि ते टिकटिक करत होतं! आई म्हणाली, अरे, हे कुठलं ओरिजिनल? मामा म्हणाला, ती रडत होती.

मामीची गोष्टही घड्याळातूनच निघते. मामी तरुणपणी पोहण्याच्या शर्यती मारायची. पहिल्या मोठ्या शर्यतीत बक्षीस मिळालं, चावीचं मनगटी घड्याळ. या बयेने काय करावं? आनंदाच्या भरात ते हातात घालूनच पाण्यात उडी मारली. मग तोंड पाडून मामाच्या दुकानात. मामाने मागचं झाकण उघडलं आणि त्याच्या तळहातावर पाण्याचा एक थेंब पडला. त्याने तिला पंधरा मिनिटं फैलावर घेतलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "झालं का बोलून? मग आता सांगा, कधी येऊ?" ती आली, पुन्हा आली, आणि मग आलीच. मामी आता तरण तलावावर मुलांना पोहायला शिकवते. गळ्यात कायम शिट्टी. घरातसुद्धा. पाहुणे उठायचं नाव घेत नसले की मामी शिट्टी वाजवते.

ते बक्षिसाचं घड्याळ दोन वर्षांपूर्वी तिच्या हातून तलावाच्या फरशीवर पडलं. आतल्या मुख्य चाकाचा दांडा मोडला, केसाएवढा बारीक दांडा. ती कंपनी कधीच बंद पडलेली. मामाने घड्याळ खणात ठेवलं आणि म्हणाला, ओरिजिनल मिळेल. दोन वर्षं मामी रोज विचारत होती, "काय हो, माझा पेशंट आहे का गेला?" आणि मामा रोज म्हणत होता, मिळेल.

आता पत्राकडे येते. चार वर्षांपूर्वी मामाचा उजवा हात थरथरायला लागला. घड्याळजीचा हात थरथरणं म्हणजे सगळं संपल्यात जमा. डॉक्टरीणबाईंनी एक निळी गोळी दिली, मोठ्या नावाच्या कंपनीची, आणि हात शांत झाला. गेल्या वर्षी आमच्या विमा कंपनीने त्या गोळीच्या बिलातला स्वतःचा वाटा कमी केला, म्हणजे मामाच्या खिशाला तिप्पट चाट. आणि आता हे पत्र: पुढच्या महिन्यापासून निळ्या गोळीचं बिल मुळीच मिळणार नाही. त्याच घटकाची साधी, पांढरी, जेनेरिक गोळी घ्या, तिचे सगळे पैसे आम्ही भरतो. निळीच हवी असेल तर आधी तीस दिवस पांढरी घेऊन बघा, आणि ती लागू पडली नाही असं डॉक्टरांकडून लिहून आणा.

त्या संध्याकाळी मी मामाच्या दुकानात गेले ती हातात तलवार घेतल्यासारखीच गेले. म्हटलं, "मामा, मी दिवसाला साठ लोकांना हेच सांगते. घटक तोच, मात्रा तीच, फक्त खोका वेगळा!"

"असं?" मामा म्हणाला. "आणि तुझ्या पर्समध्ये डोकेदुखीची गोळी कुठली असते?"

मी पर्स छातीशी धरली. मामीने ती सरळ हिसकावून घेतली, उघडली, आणि आतली लाल-सोनेरी पट्टी वर धरून शिट्टी वाजवली. जाहिरातीतली, सगळ्यांत महागडी! माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार, कारण मामा हसून हसून स्टुलावरून घसरला.

पण हसणं थांबल्यावर मला दिसलं ते चांगलं नव्हतं. मामा चहाचा कप दोन्ही हातांनी धरून पीत होता. संध्याकाळी त्याचा हात असा हलायचा की बशी वाजायची. दुपारनंतर तो बाकावर बसतच नव्हता. म्हणायचा, डोळे दमतात. आणि दुकानाच्या दारात शेजारचा कव्हरवाला घिरट्या घालत होता. त्याला मोबाईलची कव्हरं विकायला जागा वाढवून हवी होती. मामाने त्याला शब्द दिला होता, महिनाभर थांब. या हाताने काम होत नाही असं ठरलं तर किल्ली तुझी.

मामीने मला हे नंतर घरी, स्वयंपाकघरात सांगितलं. शिट्टी तोंडात धरून, रडू येऊ नये म्हणून. "बाक गेला ना गं, तर हा माणूस घरात बसून भिंतीवरचं घड्याळ बघत बसेल. मला ते बघवणार नाही."

तर मामा तयार झाला. पण तयार कशासाठी, ते नीट समजून घ्या! पांढरी गोळी चांगली आहे का हे बघायला नाही. ती नापास करून दाखवायला. तीस दिवस ती खायची, लेखी पुरावा गोळा करायचा, तो आमच्या कंपनीच्या तोंडावर फेकायचा आणि निळी गोळी सन्मानाने परत मिळवायची. "आणि पुरावा कसा, तर असा," म्हणून त्याने बाकाखालची लांबट वही काढली.

ही वही म्हणजे मामाचं दैवत. दुरुस्त केलेलं प्रत्येक घड्याळ तो लगेच परत देत नाही. आधी काही दिवस तपासतो. तबकडी वर, तबकडी खाली, चावी खाली, असं वेगवेगळ्या बाजूंनी ठेवून किती सेकंद पुढे, किती मागे, ते वहीत मांडतो. आता त्याने वहीत घड्याळाच्या नावाच्या जागी लिहिलं: 'उजवा हात'. दहा बारीक स्क्रू चिमट्याने एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायचे, तळहात वर, तळहात खाली, अंगठा वर. सकाळी नऊ, दुपारी एक, संध्याकाळी पाच. किती पडले ते लिहायचं. आणि न्यायाने वागायचं म्हणून त्याने आधी तीन दिवस निळ्या गोळीवर मोजून घेतलं. सकाळी दोन पडले, दुपारी सहा, संध्याकाळी नऊ.

"बघ," मला म्हणाला, "ओरिजिनलवर हे असं आहे. डुप्लिकेटवर काय धिंगाणा होतो ते बघच तू."

मामीने पांढऱ्या गोळ्यांचा ताबा स्वतःकडे घेतला. रोज सकाळी आठला शिट्टी, "अहो, तोंड उघडा!" आणि गोळी आत. मामाचीही काही तक्रार नव्हती. चाचणी म्हणजे चाचणी, असं म्हणायचा.

पहिल्या दिवशी सकाळी तीन पडले, दुपारी सात, संध्याकाळी नऊ. मामा एवढा खूश की त्याने मला ऑफिसात फोन केला, आणि पुन्हा मदत कक्षाच्याच नंबरवर. चौथ्या दिवशी दोन, चार, पाच. मामा म्हणाला, सवय व्हायला वेळ लागतो. म्हणजे नापास व्हायची सवय! नवव्या दिवशी एक, एक, दोन. मामाच्या कपाळावर आठ्या. बाराव्या दिवशी सकाळी शून्य. दुपारी शून्य. संध्याकाळी पाच वाजता मामी, कव्हरवाला आणि मी दारात गर्दी करून उभे, श्वास रोखून. नववा स्क्रू गेला. दहावा गेला. शून्य! मामीने अशी शिट्टी मारली की रस्त्यावरची गाडी थांबली.

मामा चिमट्याकडे संशयाने बघत होता. "यात चुंबक शिरलंय," तो म्हणाला.

असं होतं म्हणे. पोलादी चिमट्यात चुंबकत्व आलं की स्क्रू त्याला चिकटून बसतो, पडतच नाही. मामाकडे ते काढायचं एक यंत्र आहे. त्याने चिमटा त्यात घातला, स्क्रू घातले, वाट्या घातल्या, माझी अंगठी काढून घेतली, मामीची शिट्टी काढून घेतली, आणि पुन्हा मोजलं.

शून्य.

"स्क्रू मोठे झालेत," मामा म्हणाला आणि त्याहून बारीक काढले. शून्य. कव्हरवाल्याचा चेहरा उतरला, पण टाळ्या वाजवल्या बिचाऱ्याने. मामाने त्याच्याकडे असं बघितलं की तो टाळ्या अर्धवट सोडून निघून गेला. आणि मी, कंपनीची इमानदार नोकर, खुर्चीवर उभी राहून नाचत होते. घटक तोच! मात्रा तीच! मला तर वाटलं, वहीच्या त्या पानाचा फोटो काढून साहेबांच्या टेबलावर लावावा.

आता सगळ्यांना आनंद व्हायला हवा ना? झालाच. मामा सोडून. अठराव्या दिवशी त्याने दुकानच उघडलं नाही. मी संध्याकाळी गेले तर घरात खिडकीशी बसलेला, वही मांडीवर. हात एकदम स्थिर, आणि चेहरा असा की बघवेना.

"मामा, अरे, हात बरा झाला आणि तू सुतकी चेहरा करून काय बसलायस?"

"रेडिओ," तो म्हणाला, "वही खोटं बोलत नाही. डुप्लिकेट ओरिजिनलपेक्षा चांगली निघाली. बरोबरीची नव्हे, चांगली. मग चाळीस वर्षं मी लोकांना काय सांगत आलो? त्या बाईला सहा वर्षं घड्याळाविना ठेवलं मी. तुझ्या मामीला दोन वर्षं."

खरं सांगते, माझा रेडिओ बंद पडला. मी म्हटलं, चहा करते. साखरेचा डबा सापडेना म्हणून वरच्या फळीवर चाचपडत होते, तर हाताला एक पत्र्याची चपटी डबी लागली. बारीक स्क्रू ठेवायची, आत छोटे छोटे कप्पे असलेली. घड्याळाची डबी स्वयंपाकघरात कशाला? उघडली. प्रत्येक कप्प्यात अर्धी निळी गोळी. इतकी सुबक कापलेली की कडेला भुगासुद्धा नाही. खाली कागदाची पट्टी, त्यावर मामाच्या अक्षरात प्रत्येक अर्ध्याचं वजन. दागिन्यांच्या काट्यावर तोलून!

मी डबी घेऊन बाहेर आले. "हे काय आहे?"

मामाने नजर चुकवली. समोरचा माणूस नजर चुकवायला लागला की मला कळतं, सहा वर्षं फोनवरसुद्धा ओळखते मी.

"तू गोळी अर्धी करून खात होतास? किती दिवस?"

"वर्षभर," मामा पुटपुटला. "महाग झाली ना. पण अर्धी म्हणजे बरोबर अर्धी हं. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या कटरने होतात तशी वेडीवाकडी नाही."

मी तिथल्या तिथे मेडिकलवालीला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. ती पोरगी जात्याच कडक. ऐकून किंचाळलीच. "तोडली? ती गोळी तोडायची नसते! दिवसभर हळूहळू सुटावी म्हणून तशी बनवलेली असते. तोडली की सगळी सकाळीच सुटते आणि दुपारपर्यंत संपते. तेही अर्धीच! निम्म्याच गोळ्या नेत होतात, मला वाटलं, बाकीच्या दुसऱ्या दुकानातून घेत असाल. तोडू नये असं खोक्यावर लिहिलंय."

"किती बारीक अक्षरात लिहिलंय!" मामा फोनकडे बघून म्हणाला.

मामी दारात कधी येऊन उभी राहिली होती आम्हाला कळलंच नाही. अंगावर तलावावरचा ओला टॉवेल. "बारीक अक्षरात?" ती म्हणाली. "जन्मभर केसाएवढे स्क्रू दिसले, आणि खोक्यावरचं दिसलं नाही?"

झालं! मी हसायला लागले ते थांबेचना. म्हणजे काय झालं होतं बघा. पांढरी गोळी निळीपेक्षा चांगलीबिंगली काही नव्हती. पांढरी तो अख्खी खात होता, एवढंच! वर्षभर सकाळी हात चालायचा, दुपारी बंद पडायचा, आणि हा शहाणा म्हणायचा डोळे दमतात. निळी अख्खी खाल्ली असती तरीही शून्यच आलं असतं. अख्ख्या रस्त्यावरचा सगळ्यांत काटेकोर माणूस, आणि त्याने चूक केली तीही काटेकोरपणे, वजन करून!

मामी हसली नाही. टॉवेल खुर्चीवर टाकून मामासमोर बसली. "वर्षभर अर्धे पैसे वाचवलेत ना? कुठे गेले?"

मामा उठला. कपाटातून एक लिफाफा आणला आणि तिच्या हातात दिला. आत जुन्या घड्याळांच्या एका व्यापाऱ्याचं पत्र होतं. मामीच्या बक्षिसाच्या घड्याळासारखंच, त्याच कंपनीचं, त्याच सालचं एक बंद घड्याळ त्याच्याकडे होतं. आतला दांडा शाबूत. किंमत अव्वाच्या सव्वा. लिफाफ्यात नोटा होत्या, अजून थोड्या कमी पडत होत्या.

"ओरिजिनल मिळेल म्हणालो होतो ना," मामा म्हणाला.

मामी बराच वेळ ते पत्र वाचत बसली. चार ओळींचं पत्र. मग तिचा आवाज फुटला, आणि तलावावरची सगळी ताकद लावून फुटला. "आणि हात गेल्यावर तो दांडा काय दातांनी बसवणार होतात? मला घड्याळ हवंय म्हणून तुमचे हात घालवून बसणार होतात? अहो, मला वेळ कळत नाही का! वेळ काय, मोबाईलवरही दिसते!" आणि मग ती रडली, हमसून हमसून, आणि त्याचा उजवा हात स्वतःच्या दोन्ही हातांत धरून ठेवला. मामा घाबरून माझ्याकडे बघत होता. मी स्वयंपाकघरात जाऊन चहाकडे बघत उभी राहिले. माझेही डोळे वाहत होते, मग लपवायचं कशाला.

तिसावा दिवस आला. वहीत सलग शून्यं. डॉक्टरीणबाईंनी कंपनीचा फॉर्म पुढे केला. त्यात पेशंटने खूण करायचे दोन चौकोन: औषध लागू पडलं, औषध लागू पडलं नाही. मी बरोबर गेले होते. आणि मी, नोकरीला स्मरून सांगते, काहीही बोलले नाही. फक्त छताकडे बघत म्हणाले की ज्यांना ओरिजिनलच हवं असतं ते बहुतेक दुसऱ्या चौकोनात खूण करतात.

"माझ्या वहीत शून्य आहे," मामा म्हणाला. त्याने पहिल्या चौकोनात खूण केली आणि खाली सही केली. सहीकडे मी बघतच राहिले. वर्षभर बँक सही जुळत नाही म्हणून त्याचे चेक परत पाठवत होती, आणि ही सही सरळ, कडेला नेहमीचा तो छोटा फाटा काढलेली.

"नापास करायला निघालात आणि पास करून आलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "असा पेशंट मी पहिलाच बघितला." मग त्यांनी पर्समधून आपलं घड्याळ काढलं. म्हणाल्या, वर्षभर बंद आहे, तुमच्या हाताची वाट बघत होते. मामाने ते तिथेच कानाला लावलं.

कव्हरवाल्याला किल्ली मिळाली नाही. मामाने त्याला दाराच्या बाहेरची अर्धी भिंत कव्हरं टांगायला दिली, तर तो खूश झाला.

पुढचे नऊ दिवस मामा दुपारी जेवून पुन्हा बाकावर. मामी विचारायची, आज काय आलंय एवढं? तो म्हणायचा, एक जुनी केस आहे. नवव्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी दुकानापाशी गेले तर कुलूप! कव्हरवाला म्हणाला, तलावावर गेलेत. मामा आणि तलाव? चाळीस वर्षांत तो तिकडे फिरकला नव्हता. दमट हवा घड्याळांना चांगली नसते म्हणून.

मी धावतच गेले. पाण्याच्या काठावर बारा मुलं ओळीने बसलेली, पाय पाण्यात. मामी त्यांना हात कसे मारायचे ते दाखवत होती. आणि मामा ओल्या फरशीवरून जपून पावलं टाकत येत होता, बूट हातात, डोळ्याला भिंग तसंच. त्याने खिशातून रुमाल काढला, रुमालातून घड्याळ काढलं.

मामीचा हात हवेतच राहिला. "मिळाला? ओरिजिनल?"

"नाही," मामा म्हणाला. "व्यापाऱ्याला नको म्हणून कळवलं. मी स्वतःच केला. लेथवर कातून. चार मोडले, पाचवा बसला." आणि मग जरा थांबून, "ओरिजिनल नाहीये. पण पाच दिवस सगळ्या बाजूंनी तपासलंय. दिवसाला चार सेकंद पुढे जातं, एवढंच."

मामीने घड्याळ कानाला लावलं. तलावावर मुलांचा एवढा कल्ला, पण तिला ऐकू येत होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. मनगटावर बांधायला तिला जमेना. तिचे हात थरथरत होते. मग मामाने बांधलं. एवढासा पट्टा, एवढंसं भोक, पण एका झटक्यात. त्याचं बोट जराही हललं नाही, आणि ते आम्ही दोघींनी बघितलं.

"पाण्यात न्यायचं नाही," तो पहिल्या भेटीतल्यासारखाच दरडावून म्हणाला. "आणि रोज सकाळी चावी द्यायची. पूर्ण द्यायची. अर्धी देऊन चालत नाही."

"हे तुम्ही मला सांगताय?" मामी म्हणाली, आणि शिट्टी तोंडात घालून इतक्या जोरात वाजवली की काठावरची बाराच्या बारा मुलं एकदम पाण्यात पडली.